मॅन्युअल नसलेला लेथ घेतलाय? आधी तो कोणाचा ते ठरवा

कुपवाड एमआयडीसीत गाळा असलेल्या एका तरुण उद्योजकाने विचारलं आहे: बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून दोन लेथ घेतले. एक एचएमटीचा एनएच-२२. दुसरा इंग्लंडचा, पण त्याच्यावरची कंपनीची पट्टी गायब आहे, मुंबईच्या विक्रेत्याची पितळी पाटी तेवढी उरली आहे. मॅन्युअल एकाचंही नाही. इंग्लिश लेथवरचा आटे पाडायचा तक्ता घासून गेला आहे आणि हेडस्टॉकमधून (डाव्या टोकाच्या गिअरच्या पेटीतून) आवाज येतो. मॅन्युअल कुठे मिळेल, आणि जाणकार माणूस कुठे शोधायचा?

एनएच-२२चं काम सोपं आहे, म्हणून ते आधी उरकतो. एचएमटी १९५३ साली बंगळूरला ओर्लिकॉन या स्विस कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली, पण नंतर तिचे कारखाने वाढले आणि कामं वाटली गेली. एनएच मालिकेचे लेथ केरळातल्या कळमश्शेरीचे, मिलिंग मशिन हरियाणातल्या पिंजोरची, ग्राइंडर अजमेरचे. लोक बंगळूरला पत्र टाकतात आणि वाट बघत बसतात. तुम्ही थेट कळमश्शेरी युनिटला लिहा. पत्रात मॉडेल आणि मशिनचा अनुक्रमांक दोन्ही हवेत, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षानुवर्षं बदल होत गेलेले असतात आणि अनुक्रमांकाशिवाय सुट्या भागांचा अचूक नंबर कुणीच देऊ शकत नाही. मॉडेलच्या आकड्याचा अर्थही लक्षात ठेवा: एनएच-२२ म्हणजे सेंटरची उंची २२० मिमी, एनएच-२६ म्हणजे २६०, एलबी-१७ म्हणजे १७०. रंग देताना कुणी पाटी दुसऱ्याच मशिनची लावली असेल, तर बेडपासून (लेथच्या लांब पायापासून) सेंटरपर्यंत मापलं की खोटेपणा लगेच उघडा पडतो. असं झालेलं मी पाहिलं आहे.

शिवाय एनएच-२२ महाराष्ट्रात ढिगाने आहेत. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जा. तिथे जुने एचएमटी आणि किर्लोस्कर लेथ रांगेने उभे असतात, आणि मशिनबरोबर आलेली पुस्तकं डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेली असल्यामुळे ती फेकायची कुणाची हिंमत होत नाही. स्टोअरच्या कपाटात, धुळीत, पण असतात. प्राचार्यांच्या नावे एक अर्ज द्या, पुस्तक बाहेर न्यायची परवानगी मागू नका, तिथेच बसून मोबाईलवर पानं टिपायची मागा. मिळते.

मॅन्युअल म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलतो, तेही सांगतो. चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक वेगळं. सुट्या भागांचा कॅटलॉग वेगळा, ज्यात प्रत्येक शाफ्ट सोडवून काढलेलं चित्र असतं. आणि तिसरा टेस्ट चार्ट, म्हणजे तुमचं तेच मशिन कारखान्यातून निघताना मापं काय होती त्याचा कागद. पहिली दोन कुठूनही मिळवता येतात. तिसरा फक्त तुमच्या मशिनचा असतो, म्हणून ज्या कारखान्याचा लिलाव झाला त्याच्या जुन्या मेंटेनन्सच्या फायलींमध्ये तो पडला आहे का, हे आधी विचारा. लिलावानंतर थोड्याच दिवसांत कागद रद्दीत जातात.

आता तुमचा इंग्लिश लेथ. इथे बहुतेक लोकांचं पहिलं पाऊलच चुकतं. विक्रेत्याच्या पाटीवरचं नाव घालून ते इंटरनेटवर शोधत बसतात. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं परदेशी मशिन इथे एजन्सीमार्फत यायची. मुंबईची बाटलीबॉय ही १८९२ पासूनची कंपनी, तिने परदेशी मशिन विकली आणि पुढे स्वतःही बनवली. आल्फ्रेड हर्बर्ट हे तर कोव्हेंट्रीचे मोठे मशिन बनवणारे, पण ते इतरांची मशिनही विकायचे, आणि त्यांची भारतातली कंपनी होती. म्हणजे ‘हर्बर्ट’ची पाटी दिसली तरी मशिन हर्बर्टचंच असेल असं नाही. पाटी काय म्हणते हे टिपून ठेवा, पण बनवणारा कोण ते लोखंडाला विचारा.

ते असं. बेडच्या टेलस्टॉककडच्या (हेडस्टॉकसमोरच्या सरकत्या आधाराकडच्या) टोकाला जा. बऱ्याच इंग्लिश आणि अमेरिकन लेथांचा अनुक्रमांक तिथे, बेडच्या वरच्या किंवा पुढच्या अंगाला ठोकलेला असतो. त्यावर रंगाचे चार थर असणार. पॉलिश पेपर लावू नका, ठोकलेला आकडा आधीच उथळ असतो, तो कायमचा जाईल. पेंट रिमूव्हर कापसाच्या बोळ्याने लावा, थोडा वेळ द्या, लाकडी काडीने खरवडा. मग दुकानातले दिवे बंद करून मोबाईलची टॉर्च पृष्ठभागाला अगदी आडवी धरा. समोरून धरलेल्या उजेडात जिथे काही दिसत नव्हतं तिथे सावलीने आकडे उठून येतात. तरीही अर्धवट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल तिरकी फिरवा. घासलेल्या पितळी पट्टीवरही हाच उपाय चालतो. तुमचा आट्यांचा तक्ता ‘गेला’ असं म्हणण्याआधी हे एकदा करून बघा, कारण असे तक्ते कोरलेले किंवा खोल छापलेले असतात आणि शाई गेली तरी खाच बऱ्याचदा उरते.

पुढची खूण कास्टिंगवर. टेलस्टॉक काढून उलटा करा, हेडस्टॉकच्या टोकाचा गिअरचा दरवाजा उघडा, ॲप्रनच्या (हत्यार सरकवणाऱ्या चाकांच्या पुढच्या पेटीच्या) मागे हात घाला. ओतीव अक्षरं, पॅटर्न नंबर, कधी फाउंड्रीची खूण मिळते. प्रत्येकाचा फोटो काढा. डायलवर भाग हजारांश इंचाचे आहेत की ०.०५ मिमीचे, स्पिंडल नोजला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या टोकाला, जिथे काम पकडणारा चक बसतो) आटे आहेत की कॅमलॉक, म्हणजे फिरवून अडकवायच्या खिट्ट्या, बोल्टला कुठला पाना बसतो, हे लिहून ठेवा. जुन्या इंग्लिश मशिनवर व्हिटवर्थचे बोल्ट असतात. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचात १२ आटे आणि कोन ५५ अंश. अमेरिकन अर्धा इंचीला १३ आटे, कोन ६०. तिथे एम-१२चा बोल्ट ‘थोडा घट्ट जातोय’ म्हणत रेटला की आतले आटे संपले. हे सांगावं लागतं, कारण लिलावाच्या मशिनवर आपल्या आधीच कुणीतरी तसं केलेलं असतं.

बेअरिंग उघडं दिसत असेल तर त्यावरचं नाव वाचा. हॉफमन, रॅन्सम अँड मार्ल्स, पोलार्ड अशी नावं दिसली आणि बेअरिंग मूळचं आहे असं वाटलं, तर मशिन साधारण १९६९ च्या आधीचं धरायला हरकत नाही, कारण त्या साली या तिन्ही कंपन्या एकत्र होऊन आरएचपी झाली. बनवणाऱ्याची पाटी नसताना वय ठरवायला याच्याइतकी हाताशी असलेली दुसरी खूण मला माहीत नाही.

ओळख पटली की मग शोध. इंग्लिश लेथांसाठी लेथ्स डॉट को डॉट यूके या साइटवर जवळजवळ प्रत्येक बनावटीचं पान आहे, फोटोंसकट. तुमच्या फोटोंशी ताडून बघा. मॅन्युअलच्या प्रती ते विकतात. अमेरिकन मशिन असेल तर व्हिंटेज मशिनरी डॉट ऑर्गवर स्कॅन केलेली पुस्तकं आणि कॅटलॉग फुकट आहेत. दोन्ही ठिकाणी विकत किंवा उतरवून घेण्याआधी मॉडेलच नाही तर आवृत्तीही जुळते का ते बघा. कोलचेस्टरचा ‘स्टुडंट’ म्हटलं की गोल डोक्याचा आणि चौकोनी डोक्याचा असे दोन निघतात, आणि त्यांची गिअरबॉक्स वेगळी.

मशिन कोलचेस्टर किंवा हॅरिसन निघालं तर तुमचं नशीब चांगलं. ही दोन्ही नावं पुढे एकाच समूहाकडे गेली आणि जुन्या मशिनच्या पुस्तकांची आणि सुट्या भागांची सोय अजून आहे. अनुक्रमांक पाठवून विचारा. नाव सापडूनही कंपनी बुडालेली असेल, तर कंपनी कुणी घेतली हा माग काढा. यंत्रांच्या धंद्यात नावं, ड्रॉइंग आणि पॅटर्न विकले जातात, आणि तिसऱ्या मालकाकडे पहिल्याच्या फायली निघतात.

इंटरनेटवर पैसे मागणारे दुसरेही आहेत. तेच फुकट स्कॅन चकचकीत मुखपृष्ठ लावून विकतात, आणि कधी मुखपृष्ठावर एक मॉडेल, आत भलतंच. पैसे भरण्याआधी अनुक्रमणिका आणि वंगणाच्या तक्त्याचं पान मागा. देत नसेल तर सोडा.

भारतीय मशिन असेल तर आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फार थोडे जातात. आपली कितीतरी मशिन परदेशी परवान्यावर बनली. बंगळूरच्या बीएफडब्ल्यूच्या, म्हणजे भारत फ्रिट्झ वेर्नरच्या, नावातच फ्रिट्झ वेर्नर ही जर्मन कंपनी आहे. एचएमटीची रेडियल ड्रिल हेरमान कोल्बच्या सहकार्याने आली, गिअर हॉबिंगची लीबहेरच्या. भारतीय पुस्तक मिळालं नाही तर मूळ जर्मन पुस्तक शोधा. भाषा कळत नसली तरी गिअरचं रेखाचित्र, बेअरिंगची यादी आणि वंगणाचे बिंदू कळतात, आणि मोबाईल बाकीचं भाषांतर करून देतो. शोधताना मात्र त्यांच्या भाषेत आणि लिपीत शोधा. रशियन मशिनचं तर हमखास असं: १के६२ किंवा १६के२० हे मॉस्कोचे लेथ आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांत आले, त्यांची पुस्तकं रशियन साइटवर सहज सापडतात, पण इंग्रजी अक्षरांत टाकून नाही. रशियन क्रमांकाचा पहिला आकडाच मशिनचा प्रकार सांगतो: १ लेथ, २ ड्रिलिंग-बोरिंग, ३ ग्राइंडिंग, ५ गिअर कापणारं, ६ मिलिंग, ७ प्लेनर-शेपर. त्यांच्या बेअरिंगना घाबरू नका. आपलं ६२०५ तेच त्यांचं २०५, शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की भोक २५ मिमी. साध्या बॉल बेअरिंगला बहुतेक वेळा बाजारातलं चालतं.

हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचे लेथ हा वेगळा विषय. १९४१ साली सुरू झालेला तो कारखाना बंद होऊन वीसेक वर्षं झाली, पण ‘एंटरप्राइझ’ आणि ‘टर्नमास्टर’ आपल्याकडे दर दुसऱ्या गाळ्यात चालू आहेत. त्यांच्यासाठी इंटरनेटपेक्षा माणसं उपयोगी. आणि बटाला, लुधियाना, राजकोटचे लेथ असतील तर मॅन्युअल शोधायच्या फंदातच पडू नका. बहुतेकांचं ते कधी छापलंच गेलं नाही.

मग काय करायचं? मॅन्युअल मशिनमधूनच काढायचं. तुमच्या आट्यांच्या तक्त्याचं हेच करा.

आधी लीड स्क्रू मापा, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे ओढणारा बेडच्या कडेचा लांब स्क्रू. व्हर्नियरने एका आट्याच्या कडेपासून दहा आटे सोडून त्याच बाजूच्या कडेपर्यंत अंतर घ्या. ६३.५ मिमी आलं तर इंचात ४ आटे, इंग्लिश लेथांवर बहुधा हेच. ६० आलं तर ६ मिमीचा मेट्रिक. हेडस्टॉकजवळचे आटे झिजलेले असतात, म्हणून माप टेलस्टॉककडच्या टोकाला घ्या.

मग मेन स्विच बंद करून, पट्टा सैल करून, हाफ नट (सॅडल, म्हणजे हत्यार वाहणारा सरकता भाग, लीड स्क्रूला जोडणारा) लावा. चकवर आणि हेडस्टॉकवर खडूने एकेक रेघ मारा. हाताने एक-दोन फेरे फिरवून गिअरमधली ढिलाई खाऊन घ्या, सॅडल कुठे आहे ते टिपा, आणि मग बरोबर दहा फेरे फिरवा. सॅडल २५.४ मिमी सरकली तर त्या लिव्हर-जागेला इंचात १० आटे पडतात. १५.८८ सरकली तर १६. प्रत्येक लिव्हरची प्रत्येक जागा घेऊन असं लिहीत गेलात की दोन-तीन तासांत तक्ता तयार. गिअरबॉक्स उघडायची गरजच नाही. मापात थोडाफार फरक येईल, पण आट्यांचे आकडे ठरावीक असतात, ८, ९, १०, ११, १२ असे, त्यामुळे जवळचा कुठला ते कळतं. साडेअकरा दिसलं तर ‘चुकलं’ म्हणू नका, इंग्लिश गिअरबॉक्समध्ये ११ १/२ असतो, अमेरिकन पाइपच्या आट्यांसाठी.

मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो. कारण साधं आहे: इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ ला पूर्णांकात आणणारी सगळ्यात लहान संख्या १२७. चार आट्यांच्या लीड स्क्रूची चाल ६.३५ मिमी. १.५ मिमीचा आटा पाडायचा तर १.५ भागिले ६.३५, म्हणजे बरोबर ३० भागिले १२७. स्पिंडलकडून येणाऱ्या शाफ्टवर ३०, लीड स्क्रूवर १२७, आणि गिअरबॉक्स एकास एक. २ मिमीला ४०. गिअर मधे पोचत नसतील तर आयडलर (मधला जोडगिअर) घाला, प्रमाण बदलत नाही. १२७ चा गिअर लिलावात हरवलेलाच असतो. तोवर ८० आणि ६३ ची जोडी चालते, चूक आठ हजारांत एक भाग, म्हणजे १०० मिमी लांबीत सव्वा शतांश मिमी. नटबोल्टला कुणाला कळणार नाही. लांब लीड स्क्रू पाडायचा असेल तर मात्र नको.

नवा गिअर कापून घेताना एक सावधगिरी. दात मोजा, बाहेरचा व्यास मापा. दातांत दोन मिळवून व्यासाने भागायचं: व्यास इंचात असेल तर डीपी (डायमेट्रल पिच, इंची गिअरच्या दाताचं माप) मिळतो. उलट, मिमीमधला व्यास दात अधिक दोनने भागला की मॉड्यूल, मेट्रिक दाताचं माप. ४० दात आणि ८४ मिमी म्हणजे मॉड्यूल २. ४० दात आणि ७६.२ मिमी म्हणजे १४ डीपी. इंग्लिश मशिनवर डीपीच असणार. पण १० डीपी म्हणजे मॉड्यूल २.५४, आणि आपला गिअर कापणारा ‘अडीच मॉड्यूल, साहेब’ म्हणून मोकळा होतो. पुढे जुन्या गिअरमध्ये दाबाचा कोन साडेचौदा अंश असू शकतो, आजचे कटर २० चे. कोन न जुळलेला गिअर फिरतो, पण रडतो, आणि जोडीदारालाही खातो. नमुना म्हणून जुना गिअर बरोबर द्या, नुसते आकडे नको.

वंगणाचा तक्ता मिळाला तरी त्यातली तेलांची नावं आज बाजारात नाहीत. जर्मन पुस्तकात ‘५० अंशांना ४.५ एंगलर’ असं काहीतरी असतं. एंगलर हे तेलाच्या घट्टपणाचं जुनं माप. त्याला साडेसातने गुणा, ३४ च्या आसपास सेंटिस्टोक्स येतात, तेही ५० अंशांना. आजचा आयएसओ व्हीजी आकडा ४० अंशांचा, तिथे तेच तेल पन्नाशीच्या आसपास जातं, म्हणजे व्हीजी ४६ घ्या. तुमच्या लेथच्या हेडस्टॉकला, पुस्तक नाही म्हणून, ४६ किंवा ६८ चं साधं हायड्रॉलिक तेल, सर्वो सिस्टम किंवा एन्क्लो, घालून सुरुवात करा. स्पिंडल पितळी बुशवर फिरत असेल आणि वेगाने चालवायचा असेल तर त्याहून पातळ लागू शकतं, ते जाणकाराला विचारूनच. स्लाइडवेला (सॅडल सरकते त्या पट्ट्यांना) वेगळं, सर्वोवे ६८ सारखं. हायपॉइड गिअर तेल ‘घट्ट आहे, आवाज कमी होईल’ म्हणून ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळेला बाधतात.

मोटरवरच्या पाटीकडेही बघा. अमेरिकन मशिन ६० सायकलवर असेल तर आपल्या ५० वर मूळ मोटर सहातला एक भाग हळू फिरते, आणि वेगाच्या तक्त्यातले सगळे आकडे त्या प्रमाणात खाली येतात. आटे मात्र बिघडत नाहीत, कारण ते स्पिंडल आणि लीड स्क्रूच्या नात्यावर अवलंबून आहेत, मोटरवर नाहीत. स्पिंडल नोज आट्यांचा असेल तर उलटा चालवून ब्रेक मारू नका, चक उलगडून पायावर येतो. आणि जुन्या क्लचची किंवा ब्रेकची लाइनिंग उघडताना हवेचा फवारा मारू नका, त्या काळच्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

आता माणसं. ‘लेथचा जाणकार’ असा एकच माणूस नसतो. टर्नर वेगळा, तो चालवण्यात पटाईत, पण हेडस्टॉक त्याने कधी उघडलेला नसेल. मेंटेनन्स फिटर वेगळा. स्क्रेपिंग करणारा (झिजलेले पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट करणारा) त्याहून वेगळा, आणि जुन्या पॅनलची वायरिंग वाचणारा चौथा. तुम्हाला आत्ता दुसरा हवा आहे. तो बहुधा निवृत्त झालेला असतो, आणि त्याचं नाव इंटरनेटवर नसतं. साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये विचारा, तुमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ती भरपूर आहेत आणि हंगाम संपल्यावर तिथे सगळं उघडून जोडायची रीतच आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले कुर्डुवाडी, सोलापूर, मुंबईत भेटतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अर्धा दिवस फिरा, ‘हेडस्टॉक कोण उघडतो’ एवढंच विचारत जा. तिसऱ्या-चौथ्या गाळ्यात तेच नाव दुसऱ्यांदा ऐकू आलं की तो माणूस. बेअरिंगच्या दुकानदारालाही विचारा, मुंबईच्या नागदेवीत नाहीतर तुमच्या गावात. स्पिंडलची महाग बेअरिंग कोण नेतो हे त्याला पाठ असतं. संस्था म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरचं (पूर्वीच्या औरंगाबादचं) इंडो-जर्मन टूल रूम आहे, पुण्यात इम्टमाचं, म्हणजे मशिन टूल बनवणाऱ्यांच्या संघटनेचं, केंद्र आहे, बंगळूरला सीएमटीआय ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. मोजमाप, अचूकता, प्रशिक्षण यासाठी ती जागा. तुमच्या खडखडाटासाठी नाही.

अशा माणसाकडे ‘आवाज येतोय, काय असेल?’ असा प्रश्न घेऊन जाऊ नका. तो विचारील ते आधीच बघून ठेवा. एका जुन्या फिटरचं काम मी जवळून पाहिलं आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकच्या पुढच्या बेअरिंगपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि स्पिंडल न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितलं. आवाज तसाच राहिला. मग टोक मागे इनपुट शाफ्टकडे नेलं आणि मान हलवली. पुढचं बेअरिंग काढायच्या तयारीत हत्यारं मांडून बसलेला पोरगा बघतच राहिला. तेवढं तुम्हीही करू शकता. न्यूट्रलमध्ये आवाज राहतो का जातो? राहिला तर मोटर, पट्टा, इनपुट शाफ्ट. गेला तर पुढे बघा: ठरावीक वेगांनाच येतो का? आला तर त्या वेगांना जुळणारी गिअरची जोडी. स्पिंडलच्या दर फेऱ्याला एकदा टक् होतं का? मग तुटका दात. सलग घरघर, वेगाबरोबर वाढणारी? मग बेअरिंगचा संशय, आणि तोही तपासूनच: स्पिंडल नोजवर डायल गेज (शतांश मिमीची हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून चकखाली लाकडी दांडक्याने हलकं उचला, काटा किती हलतो ते लिहा. नवा लेथ स्पिंडलच्या बाबतीत साधारण एक शतांश मिमीच्या आत असावा लागतो, आयएसओ १७०८ हे त्याचं मानक. भारतीय मानक हवं तर आयएस २०६३ पासून सुरुवात करा, मानक ब्यूरोच्या साइटवर नोंदणी करून फुकट उतरवता येतं.

लेथ कोलचेस्टर निघाला तर स्पिंडलमध्ये गॅमेट कंपनीची बेअरिंग असण्याची दाट शक्यता आहे. ती भारी महाग. त्यांचा ताण बसवण्याची पद्धत पुस्तकात दिलेली असते, आणि ती न वाचता नट आवळला तर चांगलं बेअरिंग एका दुपारी जळतं. तिथे खरंच मॅन्युअल हातात येईपर्यंत पाना लावू नका.

स्क्रेपिंगवाल्याला बोलावण्याआधी लेथ लेव्हल करा. टेपर येतोय (काम एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक निघतंय) म्हणजे बेड झिजला असं धरून लोक बेड ग्राइंडिंगला पाठवतात, आणि मशिन नुसतं पिळवटून उभं असतं. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल उसनी आणा, सॅडलवर आडवी ठेवा, बेडच्या दोन्ही टोकांना वाचन सारखं येईपर्यंत पाय सारखे करा. तरी टेपर राहिला तर बोलवा. आणि तो आला की आधी विचारा, चौरस इंचात किती टिपके (शाई लावल्यावर टेकलेले दिसणारे बिंदू) देणार. सर्वसाधारण स्लाइडला १० ते १५ पुरेत, ‘पंचवीस देतो’ म्हणणाऱ्याचं आधीचं काम निळी शाई लावून दाखवायला सांगा.

फिटर तुमच्या गाळ्यात आला तर जाण्या-येण्याचे आणि वेळेचे पैसे आधी ठरवा, चहावर भागवू नका. तो बोलतो ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. तो काढेल त्या प्रत्येक भागाचा, निघण्याआधी आणि निघाल्यावर, मापपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. तुम्ही बनवलेला आट्यांचा तक्ता, बेअरिंगचे नंबर, तेलाच्या जागा, पॅनलची नव्याने काढलेली वायरिंग, सगळं एका वहीत, आणि वहीची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून पॅनलच्या दरवाज्याच्या आत.

आता मला एवढं पाठवा: टेलस्टॉककडच्या टोकाचा अनुक्रमांक, टेलस्टॉकखालची ओतीव अक्षरं, स्पिंडल नोजचा सरळ समोरून फोटो आणि हेडस्टॉकचं वरचं झाकण काढून आतला फोटो. शिवाय न्यूट्रलमध्ये आवाज राहतो की जातो, आणि दांडक्याने उचलल्यावर काटा किती हलला. सरकणारे गिअर तुमच्या लेथमध्ये किती आहेत ते त्या शेवटच्या फोटोत दिसेल, मग कुठल्या जोडीकडे बघायचं ते सांगता येईल.